सातविणीपाशी मोटार थांबते

भाई केळुसकर वारले तेव्हा त्यांच्या मागे दोन मालवाहू पडाव, एक मुलगा, एक बायको आणि एक मोटार राहिली. पडाव चुलतभावांनी वाटून घेतले. मुलगा मुंबईला होता, तो मुंबईलाच राहिला. बायको आणि मोटार यांच्याकडे मात्र वर्षभर कुणी फिरकलं नाही. मोटारीवर निदान माडाची झापं तरी घातली होती.

मोटार अमेरिकन, चौतीस सालची. रंग एके काळी हिरवा होता असं म्हणत. पुढचं पितळी नाव कधीच गळून पडलं होतं, त्यामुळे धामापूरच्या तळ्यापासून खालच्या सगळ्या वाड्या तिला नुसती 'मोटार' म्हणत. दुसरी नसल्यामुळे घोटाळा होत नसे.

भाई असताना मोटार चालवायचा बाबली, आणि मागे उजव्या अंगाला भाई बसायचे. सगळा जन्म पडावांच्या धंद्यात गेल्यामुळे मोटार ही त्यांना चाकं लावलेली होडीच वाटे. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय ते अंगणाबाहेर पडत नसत. दोरी विस्कटलेली दिसली की त्यांच्या जिवाची घालमेल होई. मग ती विहिरीवरची असो की दुसऱ्याच्या गुराची, भाई ती हातात घेत, नीट वेटोळं करत, टोक मधोमध खोचत आणि मगच पुढे बोलत. आणि मालवणला जाताना गावाच्या शिवेवर, सातविणीच्या झाडाखाली, ते मोटार थांबवत.

"तिका वायच श्वास घेवंदे," असं बाबलीला सांगून भाई झाडामागे जात.

झाडामागे ते चिरूट ओढत, हे साऱ्या गावाला माहीत होतं. डॉक्टरांनी चिरूट बंद केला होता, म्हणून ही गोष्ट फक्त सुभद्राबाईंपासून लपवायची असं ठरलं होतं. सुभद्राबाईंनाही ती माहीत होती. नवऱ्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास आला की आज मोटारीने श्वास घेतला, एवढं त्या ओळखत.

सातवीण हे भुताखेतांचं झाड, तसं चारचौघांत नाव काढण्यासारखं नव्हे. तिच्या बुंध्याशी शिवेच्या राखणदाराचा दगड आहे. जाणारायेणारा तिथे विडी ठेवतो, नारळ ठेवतो आणि मागे न बघता चालू लागतो. गावातलं मेलेलं माणूस ही शीव ओलांडत नाही असं म्हणतात. जिवंत माणसं ओलांडतात आणि मुंबईला जातात.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात भाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांचा मुलगा शंकर आला आणि जाताना म्हणाला, "आई, पावसाआधी मुंबयक ये. बोटी बंद झाल्यार चार महिने तू हंय एकटी. काय झाला तर आमका कळूचा पण नाय."

"बघूया," सुभद्राबाई म्हणाल्या.

आमच्याकडे 'बघूया' म्हणजे 'नाही'. पण बोलल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं की या वेळी ते तितकंसं 'नाही' नव्हतं. माजघरात बोललं तर आवाज भिंतींना लागून परत यायचा. वर्षभर तो एकच आवाज ऐकून त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी ट्रंक काढली.

बैलगाडीने बंदरावर जाता आलं असतं. पण भाई केळुसकरांची बायको बैलगाडीतून गेली, हे गावाने पुढची वीस वर्षं सांगितलं असतं. म्हणून मोटारीवरची झापं निघाली. बाबलीने मालवणहून पेट्रोलचे डबे आणले आणि धोतराच्या फडक्यातून गाळून टाकी भरली. काठोकाठ. तेव्हा लक्षात आलं की टाकीचं झाकण नाही. कुणा पोराने भोवऱ्यासाठी नेलं असावं. शिवाय मागच्या उजव्या दाराची कडी गंजून निकामी झाली होती. ते दार बाबलीने काथ्याच्या दोरीने सीटच्या दांडीला करकचून बांधलं. झाकणासाठी मात्र महादू मेस्ताला बोलावलं.

महादू मेस्त हा होड्या बांधणारा सुतार. भाईंचे दोन्ही पडाव त्याच्याच हातचे. त्याने फणसाच्या लाकडाचं जाड बूच कातलं, कडेने कापूस गुंडाळला, त्यावर होडीच्या फटी बुजवायला घालतात ती राळ चढवली, आणि मोगरीने दोन ठोके देऊन ते टाकीच्या तोंडात बसवलं. वर कुंकू लावलं.

"वयनीनूं," तो म्हणाला, "आता ही मोटार दर्यात बुडवलास तरी टाकयेत थेंब जावचो नाय."

मोटार दर्यात कशाला बुडवायची हे कुणी विचारलं नाही. काम इतकं देखणं झालं होतं की विचारणं बरं दिसलं नसतं.

बोट दुपारी सुटायची. सकाळची कामं आटोपून सुभद्राबाई मागे डाव्या अंगाला बसल्या. उजव्या अंगाला बसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मोटार छान चालली. काजूच्या बागा गेल्या, ओहोळ गेला, चढ गेला. माथ्यावर सातवीण दिसू लागली तशी मोटार एकदा खोकली. मग दोनदा. आणि झाडाच्या सावलीत येऊन, जशी भाई असताना उभी राहायची अगदी तशी, ती उभी राहिली.

ऐन दुपार होती. पान हलत नव्हतं. इंजिन थांबल्यावर जी शांतता पसरली ती नुसती आवाज नसल्याची नव्हती. कुणीतरी बोलायच्या आधी गप्प राहावं तशी ती होती.

बाबलीने हँडल मारलं. बॉनेट उघडलं, प्लग काढले, पुसले, लावले. पुन्हा हँडल. दगडाला हात जोडले. पुन्हा हँडल. मग पेट्रोल किती आहे ते काठी घालून बघावं म्हणून तो मागे गेला आणि झाकण ओढू लागला. झाकण येईना.

"काय झाला रे?" सुभद्राबाईंनी आतूनच विचारलं.

"येणा नाय, वयनीनूं." त्याचा आवाज थोडा बारीक झाला होता. "आतसून कोणीतरी धरून ठेवल्यासारख्या वाटता."

त्याने पाय टेकवून जोर लावला. झाकण निघालं, आणि त्याबरोबर मोटारीच्या पोटातून एक श्वास ऐकू आला. लांब, ओढलेला, आत घेतलेला श्वास. म्हातारं माणूस झोपेतून दचकून उठताना घेतं तसा. सुभद्राबाईंच्या पाठीमागे, उजव्या अंगाने.

त्यानंतर मोटार पहिल्या हँडलला सुरू झाली.

पण तोवर बंदराच्या बाजूने बोटीचा भोंगा ऐकू आला होता, आणि बोटी कुणाच्या श्वासासाठी थांबत नाहीत. बाबलीने झाकण ठोकून बसवलं आणि मोटार वळवली. घराकडे तोंड केल्यावर ती गोगलगायीइतकीही कुरकुरली नाही. अंगणात आली, तुळशीसमोर उभी राहिली आणि बाबलीने किल्ली फिरवायच्या आधी आपणहून बंद पडली.

त्या संध्याकाळी बाबली कुणाला काही सांगणार नव्हता. फक्त महादू मेस्ताला सांगितलं. रात्रीपर्यंत ते तळ्यापलीकडे गेलं.

गावाचं निदान झालं होतं, पण मोटार इंजिनावर चालते असा शंकरचा समज होता. त्याच्या निरोपावरून मालवणहून आंतोन फिटर आला. आंतोनने पेट्रोलचा वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं, काचेच्या बाटलीत भरून ती उन्हात ठेवली. पेट्रोलात पाणी असतं तर ते तळाशी बसलं असतं. बसलं नाही. त्याने कार्बोरेटर सुटा करून धुतला, नळी फुंकून बघितली. मग मोटार अंगणात सुरू केली आणि जेवणवेळेपर्यंत चालू ठेवली. टाकी कशी उतरते ते दिसावं म्हणून झाकण काढून खिडकीत ठेवलं होतं. मोटार एकदाही खोकली नाही.

"बाय," हात पुसत तो म्हणाला, "इंजिनाक कायएक रोग नाय. आसलोच तर तो रस्त्याक आसा."

रस्त्याचा रोग बरा करणं आपल्या कामात येत नाही म्हणून तो जेवून गेला. जाताना झाकण मात्र आठवणीने ठोकून बसवून गेला.

मग देवीला कौल लावला. गुरवाने पाषाणाला कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली, म्हणजे जा. पुन्हा विचारलं, पुन्हा उजवी. देवी जा म्हणत होती आणि नवरा सोडत नव्हता. देवी आणि केळुसकर यांच्यात मतभेद व्हायची ही पहिलीच वेळ. गुरवाने दोघांच्याही नावाने एकेक नारळ घेतला.

सुभद्राबाई ऐकत होत्या सगळं.

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांना 'जा' असं कधी म्हटलं नव्हतं, आणि 'रव', म्हणजे थांब, असंही कधी म्हटलं नव्हतं. रेडीला माहेरी जायला निघाल्या की सुपारी कातरता कातरता, मान वर न करता, भाई 'बरा' म्हणत. महिन्याने परत आल्या की पुन्हा 'बरा', त्याच आवाजात. मधल्या दिवसांत घरात आपण नव्हतो हे या माणसाला कळलं तरी का, असा प्रश्न त्यांना रेडीच्या वाटेवर पडायचा. जातानाही आणि येतानाही. विचारला कधी नव्हता. आता मेल्यावर हा माणूस मोटारीसमोर आडवा येऊन 'रव' म्हणत असेल, तर मुंबई, शंकर आणि देवीचा कौल सगळं राहू दे. त्या थांबणार होत्या. फक्त ते म्हणणारा तोच आहे, हे कळायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला पुन्हा टाकी काठोकाठ भरली. काजूच्या बागा, ओहोळ, चढ. मोटार सातविणीखाली येऊन थांबली.

या वेळी बाबलीने बॉनेटला हातही लावला नाही. तो सरळ मागे गेला. सुभद्राबाई आत ताठ बसून होत्या. उजवीकडची सीट रिकामी होती. दाराची काथ्याची दोरी जशीच्या तशी होती. उन्हाने तापलेल्या चामड्याचा वास येत होता आणि त्याच्या आत कुठेतरी, अगदी पुसट, चिरुटाचा.

झाकण निघालं. श्वास आला.

"काय ओ?" सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. मोटारीत, दिवसाढवळ्या, रिकाम्या सीटला. "रवू काय मी?"

उत्तर आलं नाही. जिवंतपणीही याहून फारसं आलं नसतं, म्हणून त्यांनी ते 'होय' धरलं.

"फिरव रे," त्या बाबलीला म्हणाल्या.

"बोट मेळतली अजून. आज येळ आसा."

"फिरव सांगलंय मां."

ट्रंक परत माजघरात आली. गाव समाधान पावलं. सुभद्राबाईंचं मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं. सकाळी त्या दोन कप चहा करू लागल्या. अंगणात मोटारीकडे जाऊन सीट झटकू लागल्या. शेजारच्या जानकीने एकदा कुंपणावरून विचारलं, "कोणावांगडा बोलतंस गो, काकी?" त्यावर त्यांनी "तुझ्या काकावांगडा" असं इतक्या सरळ सांगितलं की जानकी त्या दिवसापासून दुसऱ्या वाटेने पाण्याला जाऊ लागली. खरं सांगायचं तर वर्षभरात सुभद्राबाई इतक्या टवटवीत कधी दिसल्या नव्हत्या.

आणि मग तेलाचा डबा आला.

पावसाची बेगमी म्हणून बाबलीने खोबरेल तेलाचा सीलबंद डबा आणून स्वयंपाकघरात ठेवला होता. दुपारी सुभद्राबाईंनी खिळ्याने त्याच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा भांड्यावर कलता केला. तेल आलं, धार बारीक झाली, थांबली. त्यांनी डबा आणखी कलता केला. घर सामसूम होतं. आणि त्यांच्या हाताखालून, डब्याच्या पोटातून, तो श्वास आला.

तोच. आत ओढलेला, लांब.

डबा सोडायचं त्यांना सुचलं नाही. "हंयपर्यंत इलास?" त्या पुटपुटल्या. डब्याचा पत्रा आत दबला, 'टप्' असं वाजला, पुन्हा फुगला, भोकातून एक बुडबुडा आत शिरला आणि तेलाची धार परत सुरू झाली. मग थांबली. मग श्वास. मग धार.

कितीतरी वेळ त्या बघत उभ्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडायची, एक तेलाला आणि एक वाऱ्याला. चाळीस वर्षं पाडत आल्या होत्या. आजच विसरल्या. त्यांनी खिळा उचलला, समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल गुळगुळीत, मुकाट, अखंड येत राहिलं. श्वास घेणारं आत कुणी उरलं नाही.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपल्याच हाताने खिळा मारून आपण कुणाला तरी घराबाहेर काढलं, असं वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं जुळवलं. महादू मेस्ताचं झाकण. थेंब न जाणारं, म्हणजे वाराही न जाणारं. पेट्रोल संपत जाणार, त्याच्या जागी वारा येणार कुठून? काठोकाठ टाकी, म्हणजे आत पहिल्यापासून वारा नाहीच. मग मोटार दर खेपेला तेवढंच चालणार आणि तिथेच गुदमरणार. आंतोनने झाकण खिडकीत ठेवलं होतं तेव्हा कशी जेवणवेळेपर्यंत चालली. सगळं बरोबर बसत होतं. महादूच्या बुचासारखं घट्ट.

फक्त चिरुटाचा वास त्यात कुठे बसत नव्हता.

हंगामाची शेवटची बोट दोन दिवसांवर आली होती. सुभद्राबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. मेस्ताला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, भोक पाडल्यार बुडतली. बाबलीला सांगितलं असतं तर गावाला सांगितल्यासारखं होतं. निघायच्या सकाळी बाबली आत पेज जेवत असताना त्या अंगणात गेल्या. चुलीत लाल केलेलं दाभण त्यांनी झाकणाच्या मधोमध टेकवलं. लाकूड चरचरलं, राळेचा धूर निघाला, आणि आरपार एक बारीक भोक पडलं.

"आता वारो जाता," त्या झाकणाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "आता मोटार रवली तर ती तुमी रवयलास असा मी समजतलंय. मगे हलूचंय नाय हंयसून, शंकरान कितीव बोलवल्यान तरी. पण रवयतलास तर तुमी. झाकणाच्या आडून नको."

आणि ट्रंक घेऊन त्या मागे, डाव्या अंगाला, जाऊन बसल्या.

काजूच्या बागा गेल्या. बाबली आज गाणंही गुणगुणत नव्हता. ओहोळ आला. पाणी पार आटलं होतं. चढ लागला तशा सुभद्राबाईंनी समोरच्या सीटची दांडी धरली. माथ्यावर सातवीण दिसली. काळी, गच्च, पान न हलणारी. मोटार तिच्या सावलीत शिरली. बाबलीने सवयीने श्वास रोखला होता, आणि त्याच्याही नकळत वेग कमी केला होता.

मोटार खोकली नाही.

सावलीतून ती सरळ पुढे गेली, आणि उन्हात आली, आणि इंजिन आपलं घड्याळासारखं चालतच होतं.

बाबलीने वळून बघितलं. "वयनीनूं, गेली ओ." त्याला हसू फुटत होतं. "गेली फुडे."

सुभद्राबाईंच्या तोंडावर ऊन पडलं होतं. त्या कुणी थोबाडीत मारल्यासारख्या बसल्या होत्या.

"रवव," त्या म्हणाल्या.

"आता कित्याक?"

"मोटार रवव, बाबली. इंजिन चालू ठेव."

त्या उतरल्या आणि पदर घट्ट करत सातविणीकडे मागे चालत गेल्या. दगडाजवळ थांबल्या नाहीत. झाडामागे गेल्या. तिथे बुंध्याला पाठ टेकायला एक गुळगुळीत जागा झालेली होती, आणि खाली, पाचोळ्यात, वर्षानुवर्षांची चिरुटांची थोटकं. काही मातीच झालेली. या जागेवर नवऱ्याने आपल्यापासून लपण्यात काढलेला वेळ त्यांच्यापुढे पसरला होता. तो बराच होता.

"एवढी भीती होती काय ओ माझी?" त्यांनी विचारलं.

सावलीत गारवा होता, बाहेर ऊन रटरटत होतं. चिरुटाचा वास आला. जुन्या थोटकांचा असेल. त्या वाट बघत राहिल्या. इतकी वाट त्यांनी या माणसाची कधी बघितली नव्हती.

"बरा," शेवटी त्याच म्हणाल्या. मान वर न करता, अगदी त्याच्यासारख्या. आणि वळल्या.

मोटार उन्हात थरथरत उभी होती. बाबली चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. मान काही केल्या फिरवत नव्हता.

"काय झाला रे?"

"वयनीनूं, तुमी ह्या बाजून उतरलास."

"होय."

"तुमी थंय पोचलास, झाडामागे गेलास. मी आरशात बघी होतंय." त्याने अंगठा उजवीकडे वळवला. "मगे त्या बाजूचा दार कित्याक वाजला?"

सुभद्राबाईंनी आत वाकून बघितलं. मागचं उजवं दार अर्धवट उघडं होतं. कडी गंजलेली होती तशीच होती. काथ्याची दोरी तुटलेली नव्हती. ती सीटवर होती, उजव्या अंगाला. नीट वेटोळं करून, टोक मधोमध खोचून ठेवलेली.

मग सुभद्राबाई मोटारीच्या पलीकडे गेल्या आणि दार ओढून लावलं. ते मुकाट लागलं. दोरी त्यांनी उचलली, पण वेटोळं सोडलं नाही. तशीच मांडीवर घेऊन बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "बोट जायत."

मोटार पुढे हलकी चालली. मागच्या स्प्रिंगा ज्या उजव्या अंगाने करकरायच्या त्या करकरल्या नाहीत. मालवणचा बाजार आला, खारा वारा आला, धक्का आला. बोट लांब पाण्यात उभी होती आणि माणसांना तिच्यापर्यंत नेणारी होडी भरत होती. बाबलीने ट्रंक उतरवली, पेट्रोल बघायला म्हणून मागे गेला आणि भीतभीत झाकण ओढलं. ते सहज हातात आलं. काही ऐकू आलं नाही.

"ह्येका भोक आसा," तो म्हणाला.

"मी पाडलंय. बुजव नको. मेस्ताक सांग नको."

बाबलीने झाकण डोळ्यासमोर धरून त्या भोकातून समुद्र बघितला. मग डोकं खाजवलं. "म्हणजे आदी दोन येळा ती रवली, ता झाकणामुळे."

"होय."

"आणि आज ता दार?"

सुभद्राबाईंनी होडीत बसून दोरी मांडीवर नीट घेतली. "बाबली, परत जाताना सातविणीकडे रव. घायगडबड करू नको. तेचो चिरूट होयपर्यंत रव. मगे मागचा दार उघड, आणि तेका घराक ने."

ट्रंक होडीत ठेवता ठेवता बाबली थांबला. "वयनीनूं, माका एकट्याक जावचा आसा तो रस्तो."

"एकटो कसो? तो आसा मां."

"पण ते बसले काय नाय, ता माका कसा कळतला?"

"बडीशेपेचो वास येतलो," सुभद्राबाई म्हणाल्या.

होडी सुटली. वल्ही पाण्यात पडली. मधलं पाणी रुंद होत गेलं तशी धक्क्यावरची मोटार लहान आणि हिरवी दिसू लागली, एके काळी असेल तशी. बाबली तिच्याभोवती एकदा फिरला. मग त्याने मागचं उजवं दार, सातविणीखाली उघडायचं तसं, उघडून बघितलं, जरा वेळ धरून ठेवलं, आणि दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता, ते लावलं.

मग सुभद्राबाईंनी तोंड बोटीकडे केलं.